कवितेच्या तासाला संत्र्यांची बाग

सासूबाईंची सव्वीस संत्र्याची झाडं मी मराठीच्या एका तासात वाया घालवली.

ही गोष्ट इंग्रजी अमलातली. नागपुरात मुलींच्या हायस्कुलात मी मॅट्रिकच्या वर्गाला मराठी शिकवत असे. माझं माहेर वाईचं, म्हणजे बागकामाचं ज्ञान तुळशीला तांब्याभर पाणी घालण्यापुरतं! सुनेनं नोकरी करावी हे सासूबाईंना फारसं रुचलं नव्हतं. तरी त्यांनी एक वर्षाची मुदत दिली होती. ‘‘वर्षभर पाहू. काही उलटंपालटं झालं त मास्तरकी बंद!’’ मला त्या दिवसांत स्वप्नं फार पडत. (दिवसा. शिकवताना.) ती नोकरी गेली असती तर मी जगले असते, पण नुसती जगले असते.

तर अशाच एका स्वप्नात मला वाटलं, कविता चार भिंतींत शिकवूच नये. मुलींना काटोल रस्त्यावरच्या आमच्या घराभोवतीच्या बागेत न्यावं, एकेकीला एकेका झाडाखाली बसवावं, झाडाचं मन ऐकायला लावावं आणि त्याचं आत्मवृत्त लिहून घ्यावं!

‘‘येऊ दे पोरीईले,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘फक्त फांद्या नोका तोडू म्हणा.’’ आणि त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळमेश्वरला गेल्या. बैलांची दमणी हाकायला बागवानही गेला. बागेत उरलो आम्ही, म्हणजे सव्वीस मुली आणि मी.

काय ती दुपार! पौषातलं कोवळं ऊन पानांतून गळत होतं. कुठेतरी एक होला घुमत होता. विहिरीजवळच्या सव्वीस झाडांखाली सव्वीस मुली गुडघ्यावर वही ठेवून झाडाच्या मनात शिरल्या होत्या. मी डोळे मिटून बसले. आपण शिकवत नसून तरंगत आहोत, असं मला वाटू लागलं.

मग वाचन सुरू झालं. ‘मी एक तहानलेलं झाड. तीन आठवडे माझ्या मुळाशी थेंब नाही...’ मी डोळे उघडून पाहिलं. खरंच की! पानं वळून गेली होती, माना टाकल्या होत्या. दुसरीनं लिहिलं होतं, ‘माझी मालकीण निष्ठुर आहे.’ (मालकीण म्हणजे माझ्या सासूबाई!) सहाव्या वहीला माझा पदर डोळ्यांना लागला.

वेणू मात्र उठून एकच ओळ वाचून खाली बसली. ‘मी संत्र्याचं झाड आहे. माझं ठीक चाललं आहे.’

‘‘बस? एवढंच ऐकलंस?’’ मी विचारलं.

‘‘बाई, आमच्या घरी संत्र्याच्याच बागा हायेत. या झाडाईले मुद्दाम...’’

‘‘मुद्दाम कुणी कुणाला तहानलेलं ठेवतं का गं? मन हवं, वेणू, मन!’’ आणि मी तिला दहापैकी दोन गुण दिले.

नुसत्या लिहिण्यानं माझं समाधान होईना. भावना कृतीत उतरायला हवी! विहिरीजवळचा हौद भरलेला होता. बादल्या निघाल्या, घागरी निघाल्या, घरातलं पुरणाचं पातेलंसुद्धा निघालं. मुली गाणी म्हणत आळी भरू लागल्या. ओल्या मातीचा वास सुटला. वेणू तेवढी हात बांधून उभी होती; तिच्या झाडाला मीच पाणी घातलं. (दगड आहे झालं, असं मी मनात म्हणाले.)

तिन्हीसांजेला मुली घरी गेल्यावर सासूबाई दमणीतून उतरल्या, आणि वाणाचं सूप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

‘‘हे कोनं केलं?’’

‘‘मीच!’’ मी फुलून म्हणाले. ‘‘मुलींनी किती मन लावून पाणी घातलं!’’

‘‘अवं, झाडं तानावर होती! पानं वळेपर्यंत पाणी तोडा लागते, मंग पाणी सोडलं का झाड बहरते. अजून पंधरा दिवस काढाचे होते. मधातच पाणी देल्लं त नुसता पाला फुटते!’’ मग सूप खाली ठेवत त्या हळूच म्हणाल्या, ‘‘नवी नवरी होती मी, तवा लावली ही झाडं. एका बी पोरीले मालूम नव्हतं?’’

‘‘एकीला होतं.’’

‘‘मंग?’’

‘‘तिला मी दहापैकी दोन गुण दिले.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, ‘‘पाहू आता. बहर नाही आला त शाळा बंद.’’

त्यानंतर मी रोज पहाटे त्या झाडांपाशी जाऊन हात जोडू लागले. ‘‘आता त्यांना निबंध तेवढा घालू नकोस,’’ यजमान म्हणाले.

आणि माघात बाग फुलली! पांढऱ्या फुलांनी फांद्या दिसेनात. वासानं घर इतकं भरून गेलं की मी पोळी तव्यावर टाकून खिडकीशीच उभी राहायची. (पोळीचं काय व्हायचं ते विचारू नका.) माझी सव्वीस झाडं? हिरवीगार, तुकतुकीत, पानांनी गच्च. फूल म्हणाल तर एक नाही!

राजीनाम्याची चिठ्ठी लिहून मी सासूबाईंपुढे ठेवली. बोलायला गेले तर रडूच फुटलं. त्या वाती वळत होत्या.

‘‘हे काय होय?’’

‘‘राजीनामा. उद्यापासून मी घरीच.’’

त्यांचा हात थांबला. ‘‘दिवसभर? घरीच?’’ त्यांनी खिडकीतून बागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बागेकडे. ‘‘फाड वं ते! तू दिवसभर घरी राहिलीस त बाकीच्या झाडाईचं काय होईन?’’

दुसऱ्या दिवशी माझा डबा त्यांनी स्वतः भरला आणि दमणी वेळेआधी अर्धा तास दारात उभी केली.

पुढे मी पंचवीस वर्षं मराठी शिकवलं. साहित्यावरच्या निस्सीम प्रेमामुळेच बाई इतकी वर्षं शाळेत राहिल्या, असं निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी मान खाली घालून हार घेतला. संत्री वाचवण्यासाठी घरच्यांनी मला रोज शाळेत पाठवलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?