डब्यात नसलेला खेळ

आमच्या घरात आठ वर्षं निरोप पोचवायचं काम मी केलं. बापाचा लेकाला आणि लेकाचा बापाला. दोघं एकाच पडवीत, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर बसलेले असायचे आणि बोलायचे माझ्याशी.

"तुझ्या लेकाला विचार, भाकरी अजून पायजे काय."

"आई, बाबांना सांग, मी पोटभर जेवलोय."

ऐकू दोघांनाही जायचंच, कान काय बंद होते थोडेच. पण मी मधे बोलल्याशिवाय पुढचं उत्तर यायचं नाही. म्हणून मी आपली दोघांचं दोघांना सांगायची. कधी कधी कंटाळून म्हणायची, "आता मी मेल्यावर टपालखातं कोण बघणार?" तर दोघंही माना खाली घालायचे.

झालं होतं एवढंच. आमचे हे महाडच्या एका कारखान्यात सगळा जन्म राबले. मुलगा शिकल्यावर साहेबांच्या हातापाया पडून त्याला तिथंच लावला. दीड वर्षात पोरानं घरात न विचारता नोकरी सोडली आणि मुंबईला कंप्युटरच्या कामाला गेला. "ज्या माणसासमोर मी हात जोडले त्याला आता तोंड कसं दाखवू?" हे एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत. पोरगाही यांच्यावरच गेलेला. पुढं हे निवृत्त झाले, महाडची भाड्याची खोली सोडून आम्ही वर गावी आलो, कुडपणच्या पठारावर. मुलगा वर्षातून एकदा-दोनदा यायचा, पण बोलणं काही उघडलं नाही.

आता खेळाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं.

मुलगा लहान असताना महाडच्या बाजारातून यांनी टीव्हीला लावायचा एक खेळ आणला होता. त्याच्या तळहाताएवढ्या पिवळ्या कॅसेट. त्यात एक होडीचा खेळ होता. नदीतून होडी चाललेली, एकानं ती हाकायची आणि दुसऱ्यानं समोर येतील ते ओंडके फोडायचे. दोघांचं जमलं नाही तर होडी बुडली. आमचे हे मुळात घुमे. पाव्हणा आला तरी "बसा" म्हणून संपायचं. पण कारखान्यातून आले, हातपाय धुतले की त्या होडीपुढं बसायचे, आणि मग काय विचारता! "डावीकडं घे रे! अरे डावीकडं! फोड, फोड त्याला! बुडवलंस मला, मेल्या!" मी आतून ऐकत भाकऱ्या थापायची. वाटायचं, या माणसाच्या तोंडात एवढे शब्द होते कुठं?

कॅसेट चालेनाशी झाली की काढायची, तिच्या खाचेत जोरात फुंकर मारायची, परत घालायची. चालायची. एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी आमच्या खोलीत कमरेपर्यंत आलं. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर चढलो. यांनी रेशनकार्ड आणि गॅसचं पुस्तक पिशवीत घेतलेलं मी पाहिलं होतं. पाणी उतरल्यावर पोरगं खेळ गेला म्हणून रडायला लागलं, तर यांनी सदऱ्याच्या खिशातून होडीची ती पिवळी कॅसेट काढून त्याच्या हातात ठेवली. तीही भिजलीच होती. दोन दिवस उन्हात वाळवली, फुंकर मारली, नवीन मशीन आणल्यावर चालली.

परवाच्या शिमग्याला मुलगा दोन दिवसांसाठी आला. यांची छाती तेव्हा फार थकली होती. महाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जपा. मी फोनवर ते मुलाला सांगितलं होतं. म्हणूनच आला. आल्या आल्या चुलीपाशी येऊन हळूच म्हणाला, "आई, तोच होडीचा खेळ त्यांनी नव्यानं काढलाय गं. मशीन पण आणलंय. दोघांना खेळता येतो."

मला एवढा आनंद झाला म्हणता! माझ्या डोक्यात लगेच आलं, त्या होडीत बसले की यांना माझ्यामार्फत बोलताच येणार नाही. "तुझ्या लेकाला सांग डावीकडं घे" म्हणेपर्यंत होडी बुडेल. बोलावंच लागेल, तोंडावर.

डबा चांगला पुस्तकाएवढा. उघडला तर आत बोटाच्या नखाएवढी एक चकती. मी हातात घेतली आणि सवयीनं तोंडाशी धरून फुंकर मारली. ओठाला लागली, तर कडूजहर! मी थू थू करत मोरीकडं धावले.

"अगं, मुलांनी गिळू नये म्हणून ती मुद्दाम कडू करतात," मुलगा हसत म्हणाला.

खाटेवरून हेही हसले. "तुझ्या लेकाला सांग, पहिली फुंकर वाया गेली."

दोघं एकाच गोष्टीला हसले. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड धूत होते म्हणून बरं, डोळे दिसले नाहीत.

मग त्यानं ती चकती मशीनमध्ये घातली, टीव्हीला लावली. होडीचं चित्र आलं आणि त्यावर इंग्रजीत एक पाटी. मुलानं पाटी वाचली आणि डबा उलटा करून बघायला लागला.

"काय म्हणतंय रे?"

"आई, यात खेळ नाहीये."

"म्हणजे? चुकीचा दिला काय दुकानदारानं?"

"चुकीचा नाही. आता असंच करतात. या चकतीत खेळ भरलेलाच नसतो, फक्त चावी असते. खेळ नेटवरून उतरवून घ्यायचा. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय, मीच वाचलं नाही. वीस जीबी आहे."

"मग एवढा डबा दिला कशाला? रिकामा टोप कोण विकतं का?"

आमच्या वाडीत नेट म्हणजे काय ते सांगायला हवं. घरात मोबाईल नुसता घड्याळासारखा. बोलायचं असेल तर रस्त्याच्या वळणावर जांभळीचं झाड आहे, तिथं जायचं. त्यातही एकाच फांदीला रेंज. लोकांनी त्या फांदीला प्लास्टिकच्या पिशव्या टांगून ठेवल्यात. पिशवीत फोन ठेवायचा, खाली दगडावर बसायचं आणि वर तोंड करून ओरडून बोलायचं. कुणाच्या सुनेला कितवा महिना चाललाय ते सगळ्या वाडीला तिथंच कळतं.

मुलगा म्हणाला, "राहू दे आई. पुढच्या वेळी मुंबईतूनच भरून आणतो."

हे त्याचं वाक्य मला आजही तसंच्या तसं आठवतं. तो म्हणाला होता राहू दे. मीच म्हणाले, "पुढची वेळ कशाला? उद्या अख्खा दिवस हाय की. सकाळी जांभळीखाली जाऊन बस. डबा बांधून देते. पूर्ण करूनच ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा बांधून मी त्याला पाठवला. फोन फांदीवरच्या पिशवीत, त्याच्या नेटला जोडलेलं बॅटरीचं मशीन मांडीवर, असा तो बसला. रानातून लाकडं घेऊन येणाऱ्या बाया त्याला चिडवून गेल्या म्हणे. "काय रे, मुंबईहून आलास तो जांभळं राखायला काय? अजून मोहर तरी आलाय काय तिला?"

घरी यांनी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. दम लागत होता तरी टीव्हीसमोर चटई टाकली, आणि त्यावर खेळताना हातात धरायची ती बटणांची दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडून ठेवली. मग पडवीत रस्त्याकडं तोंड करून बसले.

"आला काय गो?"

"येईल. उतरतोय खेळ."

अर्ध्या तासानं परत, "आला काय?"

जेवले नीट नाहीत. दुपारी मी चहा ठेवला होता. हे दारात येऊन उभे राहिले, चौकटीला धरून. म्हणाले, "तुझ्या लेकाला जाऊन सांग, ऱ्हाऊ दे तो खेळ. म्हणावं, नुसता येऊन बस माझ्यापाशी."

मी चहा गाळत होते. म्हटलं, "अहो, आता अर्ध्यावर आलं असेल. एवढा बसलाय तो उन्हात. येईलच."

"जा म्हणतोय ना."

"जाते," मी म्हणाले.

गेले नाही. वळण काही लांब नाही, पाच मिनिटांची वाट. आठ वर्षं या माणसाचा प्रत्येक निरोप मी पोचवला, मीठ कमी पडलंय इथपासून. आणि हा एक ठेवून घेतला. मला वाटलं, थोडक्यासाठी होडी कशाला सोडायची. भरल्या ताटावरून मुलाला उठवायचं का? होडीत बसले की बोलतीलच, मग एकदाचं सगळं मिटेल. मला मोठं हवं होतं. हे थोडंसंच मागत होते.

संध्याकाळी शिमग्याला आलेले सगळे मुंबईकर जांभळीखाली जमले, फोनवर फोन, आणि नेट मुंगीच्या पावलानं चालायला लागलं. मुलगा दिवेलागणीला परत आला. चेहरा उन्हानं रापलेला. "थोडंसंच राहिलं गं."

हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. जागे होते, मला माहीत आहे. मुलगा चटईपाशी थांबला, ती मांडून ठेवलेली दोन यंत्रं त्यानं पाहिली, आणि एक एक करून पिशवीत भरली.

सकाळची एसटी एकच. निघताना तो पाया पडला, तर यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. म्हणाले मला, "पोचल्यावर फोन कर म्हणावं." मी म्हणाले, "फोन कर रे." तो म्हणाला, "करतो म्हणून सांग."

नंतर त्यानं सांगितलं, राहिलेला खेळ पोलादपूरच्या स्टँडवर एक चहा पिऊन होईपर्यंत उतरला.

पावसाळा संपायच्या आत हे गेले. कापणीला आलेला भात तसाच उभा होता. मुलगा आला, सगळं केलं. तेराव्यानंतर पाव्हणे पांगले, घर रिकामं झालं. दुपारची वेळ होती. मुलानं काही न बोलता पिशवीतून ते मशीन काढलं आणि टीव्हीला लावलं. होडीचं चित्र आलं. त्यावर परत एक पाटी.

"आता काय मागतंय?"

"नवीन काहीतरी आलंय, ते उतरवून घ्या म्हणतंय." तो उठला. चप्पल पायात घालत म्हणाला, "बस तू. दहा मिनिटं. जांभळीपर्यंत जाऊन येतो."

"नको," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे तो खेळ. नुसता येऊन बस माझ्यापाशी."

माझ्याच तोंडून यांचे शब्द आले, आणि मग मला पुढचं पोटात ठेवता येईना. मी त्याला सांगितलं. दाढी केली होती ते, चटई टाकली होती ते, आणि चौकटीला धरून काय म्हणाले ते. मी "जाते" म्हणाले आणि गेले नाही, हेही सांगितलं.

तो दारातच थांबला, चप्पल तशीच पायात. मग विचारलं, "किती वाजले असतील तेव्हा?"

"तीनचा चहा ठेवला होता."

"तेव्हा अर्धंच झालं होतं," तो म्हणाला. "मला वाटत होतं उठावं. मी दोनदा उठलो पण. मग वाटलं, आईनं सांगितलंय पूर्ण करूनच ये." माझ्याकडं बघून म्हणाला, "मी आलो असतो गं."

"माहीत हाय मला."

त्यानं चप्पल काढून ठेवली. टीव्ही बंद केला आणि येऊन माझ्याशेजारी चटईवर बसला. आता मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं, आणि न्यायला कुणाचा निरोपही नव्हता. दिवस कलेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. चहाची वेळ झाली तरी मला उठवेना.