ओळख काढल्याशिवाय व्यवहार नाही

अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे नियम म्हणजे नियम. पंचाईत एवढीच, की त्या काळी, नव्वद सालानंतर, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात वाचून साताऱ्यात आमच्या दारी येणारा प्रत्येक जण अनोळखीच असायचा. मग वडील आधी त्याची ओळख काढत आणि नंतर व्यवहाराला बसत.

एकदा त्यांनी मोटारसायकल विकायला काढली, ती आईसाठी. तिला साड्यांना पिको-फॉल करायचं मशीन घ्यायचं होतं. स्वतःचं काहीतरी सुरू करायची तिची ही पहिलीच धडपड होती आणि ती सगळी त्या गाडीवर अवलंबून होती.

गिऱ्हाईक आलं पाटणकडून. त्यानं टायर दाबून बघितले, किक मारली. वडिलांनी गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"पाव्हणं, गाव कंचं? आन् सासुरवाड?"

दुसरा चहा होईस्तोवर त्याची चुलत आत्या आमच्या थोरल्या काकीच्या माहेरी दिल्याचं निघालं. झालं. पाहुण्याशी घासाघीस कशी करायची? त्यानं पोहे खाल्ले आणि ठरवल्याच्या निम्म्या किमतीत गाडी नेली. वर तिचं नवं कव्हरही नेलं.

"आवं, गाडी इकली का लेक दिली?" आईनं विचारलं.

"आपला मानूस हाय. फसवायचा न्हाई."

आणि खरंच, त्यानं कुठं फसवलं होतं? आम्हीच पाट मांडून बसलो होतो. आई आठ दिवस वडिलांशी बोलली नाही.

नवव्या दिवशी तिला सांगलीतल्या एका वापरलेल्या मशीनची जाहिरात दिसली. किंमत आमच्या आवाक्याबाहेरचीच होती, तरी ती मला घेऊन एस.टी.त बसली. विकणाऱ्या बाईंनी दार उघडलं. आईनं मशीनकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, माहेर कुठलं तुमचं?"

"तासगाव."

"अगं बाई! माजी मावशी तासगावातच दिलीया. मंजी आपुन भनीभनीच की."

बाईंनी मावशीचं आडनाव विचारलं, आईनं जरा अडखळत एक ठोकून दिलं. मी खाली बघितलं. आईला एकच मावशी, तीही वाईला. पण मशीन निम्म्या किमतीत मिळालं, दोऱ्यांच्या रिळांचा डबा फुकट मिळाला आणि निघताना त्या बाईंनी आईची ओटी भरली. परतीच्या प्रवासात आई सारखी पदराची गाठ चाचपत होती. ओटीतला खण-नारळ तिला जड झाला असावा.

मशीन उत्तम चाललं. आळीतल्या साड्या आईकडेच येऊ लागल्या. दोनेक वर्षांनी सांगलीहून त्या बाईंच्या लेकीची लग्नपत्रिका आली. वर हातानं लिहिलं होतं, 'मावशीनं आधी यायचं.' वडील पोट धरून हसले. आईनं मात्र नवरीसाठी महागातली साडी घेतली आणि तिला फॉल-पिको त्याच मशीनवर केलं.

मांडवात आईला राहवेना. बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माजी मावशी तासगावात न्हाई."

"ठावं हाय. तुमी मावशीचं आडनाव सांगताना अडकला, तवाच कळलं."

"मग मशीन दिलंत कसं?"

"मला भन न्हाई," त्या म्हणाल्या आणि अक्षता वाटायला गेल्या.

मशीन स्वस्तात मिळालं, असं आई त्यानंतर कुणालाही म्हणाली नाही.