आमच्या आळीचा रस्ता बंद आहे

कडावजवळच्या माझ्या माहेरच्या गावात आमच्या आळीतून जाणारा रस्ता बंद आहे, असं एक मोठी कंपनी जगाला सांगते. रस्ता चांगला डांबरी आहे, त्यावरून दुधाचे टेंपो रोज जातात. पण फोनमधला मॅप उघडला की आमच्या आळीवर प्रवेश नाही अशी तांबडी खूण दिसते. ती खूण माझ्या वडिलांनी लावलेली आहे.

त्यांचं अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही. डोंगराच्या पायथ्याला फार्महाउसं झाली, आणि शनिवार-रविवारच्या गाड्या मॅपच्या नादाने आमच्या आळीत शिरायला लागल्या. आळी ती केवढी. समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघांनी हॉर्न धरायचे आणि आम्ही ओट्यावरून बघत बसायचं. एका रविवारी अशाच एका गाडीने आमच्या कालवडीचा पाय मोडला. वर गाडीवाल्याने काच खाली करून बाबांनाच विचारलं, जनावर रस्त्यावर कशाला सोडता. बाबांनी साजगावच्या कारखान्यात जन्म काढलेला. चालू मशीन बंद कसं करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

त्यांच्या फोनवरच्या मॅपमध्ये ‘रस्ता बंद आहे’ असं कळवायची सोय आहे. एकट्याने कळवून कंपनी ऐकेना, तेव्हा आमच्याकडे पाण्याचं आणि वर्गणीचं जिथे ठरतं तिथेच, मारुतीच्या पारावर, आरतीनंतर हेही ठरलं. आळीतल्या सगळ्यांनी फोन काढले आणि बाबा दाखवतील तिथे अंगठा दाबला. पुढच्या आठवड्यापासून निम्म्या गाड्या यायच्या थांबल्या. निम्म्याच, कारण ज्यांच्याकडे माझ्यासारखा दुसऱ्या कंपनीचा फोन, त्यांचा मॅप वेगळा. त्या दोन कंपन्या म्हणजे सख्ख्या सवती. हिने सांगितलेलं तिच्या कानावर जात नाही. “तुज्या कंपनीला पण सांग की गं,” बाबा मला म्हणायचे, आणि मी ते हसण्यावारी न्यायचे.

आईला दमा आहे, तो जुनाच. मी भिसेगावात राहते आणि रविवारी माहेरी येते. त्या रविवारी दुपारची जेवणं झाली, आई ओट्यावर जाऊन बसली, आणि तिला धाप लागली. पंप दिला, पुन्हा दिला. काही फरक पडेना. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती खांदे वर ओढत होती आणि तिचे ओठ काळपट दिसायला लागले होते. शेजारचा टेंपो वऱ्हाड घेऊन गेलेला. बाबांच्या मोटारसायकलवर तिला बसवणं शक्यच नव्हतं. तिला ऑक्सिजन हवा होता, तोही लगेच. मी कर्जतला अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन लावला, ड्रायव्हर निघालोच म्हणाला, मी त्याला लोकेशन टाकलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. “ताई, तुमचं लोकेशन उघडत नाय. पांढरं पान नुसतं फिरतंय. दुसऱ्या कंपनीचा फोन हाय का तुमचा?”

मी हो म्हटलं, गावाचं नाव सांगितलं, ते टाका म्हटलं. त्याने टाकलं असावं, कारण मग तो म्हणाला, “फाट्यावरचा रस्ता बंद दाखवतोय. मी नदीच्या पुलावरनं फिरून येतो.”

“बंद नाही तो, दादा. सरळ आत या.”

“मागं पण पेशंटवाले असंच बोलले, चालू हाय. पुढं बघतो तर रस्ता खणलेला, नि पेशंट आत गाडीत. मी फिरूनच येतो, ताई.”

मी ओरडून सांगणार होते की ती खूण खोटी आहे, आमच्याच घरात केलेली आहे. तेवढ्यात रेंज गेली.

बाबा दारात उभे होते. “काय बोलतो?” त्यांनी विचारलं.

“रस्ता बंद आहे म्हणतो,” मी म्हटलं. मुद्दाम, एकेक शब्द तोडून म्हटलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचीही इच्छा नव्हती. त्यांनी चपला पायात सरकवल्या, मोटारसायकलला किक मारली आणि पुलाच्या दिशेने गेले.

मग ओट्यावर मी आणि आई, दोघीच. मी तिची पाठ चोळत होते आणि दुसऱ्या हाताने फोन लावत होते. लागत नव्हता. मध्येच स्क्रीनभर पाटी आली, नवीन अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की रात्री? नको म्हणायला बटणच नव्हतं. माझ्या आईचा श्वास अडकलाय आणि हा डबा मला वेळ ठरवायला सांगतोय. तो अंगणात भिरकावून द्यावासा वाटला, पण हातात दुसरं होतं काय? मी रात्रीवर अंगठा दाबला आणि पुन्हा नंबर लावला.

“कुटं गेलं… हे?” आईने विचारलं. तीन शब्दांना दोन श्वास लागले.

“गाडी आणायला.”

तिने मान हलवली. तिला सगळं कळत होतं. पारावरच्या त्या बैठकीला चहा तिनेच पाठवला होता. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे दोन कंपन्यांच्या भांडणात तिसरी घुसमटत होती.

हॉर्न ऐकू आला तेव्हा आईची मान माझ्या खांद्यावर कलली होती. पुढे बाबांची मोटारसायकल, मागे अ‍ॅम्ब्युलन्स. पुलाच्या पलीकडे ती आणखी एका चुकीच्या वाटेला लागली होती, तिथून बाबांनी तिला वळवून आणलं. ड्रायव्हरने आईला ऑक्सिजनचा मास्क लावला. कर्जतला पोचेपर्यंत तिचे ओठ जरा बरे दिसायला लागले.

आई वाचली. पण डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, असा झटका पुन्हा येणार, आणि तेव्हा इतका उशीर चालणार नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर बसूनच बाबांनी मॅप उघडला आणि रस्ता चालू असल्याचं कळवलं. कंपनीने आभार मानले, आम्ही तपासत आहोत म्हणाली. अजून तपासतेच आहे. एकट्याचं ती ऐकत नाही, हे बाबांना माहीतच होतं. ते पुन्हा पारावर गेले. यावेळी फोन फारसे कुणी काढले नाहीत. शेजारची काकी म्हणाली, “भाऊ, वैनीसाठी जीव तुटतो आमचा. पन आता कुटं पोरं मोकळी खेळाय लागलीत. त्या गाड्या परत नको. येळ आली तर फाट्यावर आमी उभं राहू की.” गाड्या नकोत, हे बाबांनीच सगळ्यांना पटवून दिलं होतं.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने त्यांना एक उपाय सांगितला. तो मॅप चालू असलेल्या गाड्या रस्त्यावरून जायला लागल्या की कंपनीला आपोआप कळतं, रस्ता चालू आहे. तेव्हापासून बाबा शनिवार-रविवार फाट्यावर उभे राहतात आणि मुंबईच्या गाड्यांना हात करतात.

परवा मी त्यांच्यासोबत होते. एक पांढरी गाडी थांबली. आतल्या बाईने काच खाली केली, हातातल्या फोनकडे पाहिलं. “काका, मॅप तर बंद दाखवतोय.”

“तो मीच केलाय बंद,” बाबा म्हणाले. “आत माजी बायको आजारी हाय. तुमी नुसतं यातनं जावा. येवढे उपकार करा.”

बाईने गाडी चालवणाऱ्याकडे पाहिलं आणि काच वर केली. गाडी पुलाच्या रस्त्याला लागली. बाबांनी चष्मा पुसला आणि पुढच्या गाडीला दिसेल असे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.