आत्याचा बिघडलेला साचा

माझी आत्या साचे करते. वाफेच्या इंजिनांच्या छोट्या मॉडेलना लागतात ते दिवे, कड्या, व्हॉल्व्हची चाकं. खेळणी म्हणालात तर ती अंगावर येते. आतोबा पितळेचा मूळ नमुना कानशीने घडवायचे, आत्या त्याचा रबरी साचा काढून त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतायची. तीस वर्षं हेच चाललं. ओतलेल्या तुकड्यावरून पुन्हा साचा काढायला मात्र ती साफ नकार द्यायची. "नकलेची नक्कल आकसते. असली लबाडी माझ्याकडे चालणार नाही."

यंदा आतोबांचा हात थरथरायला लागला. कप धरवेना. नव्या गोळ्या लागू पडल्या तर हात स्थिरावेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यातच जुन्या गिऱ्हाइकाला पाच आऱ्यांचं, मसुराएवढं चाक हवं होतं आणि मूळ नमुना गहाळ झालेला. "मी करतो," म्हणून आतोबा तीन आठवडे दार लावून बसले. राखाडी रंगाचा फवारा मारलेलं चाक त्यांनी आत्याच्या हातात ठेवलं, तेव्हा ती चक्क रडली.

साचा दोन भागांत होतो. अर्धं चाक मातीत रुतवून वर रबर ओतायचं. ते घट्ट झालं की उलटं करून माती काढायची, रबराला व्हॅसलीन चोळायचं आणि मगच दुसरा अर्धा ओतायचा. व्हॅसलीन लावायचं राहिलं तर रबर रबराला कायमचं धरतं. या चुकीवरून आत्याने किती शिकाऊंची सालटी काढली, त्याची गणतीच नाही.

दुसरा अर्धा ओतताना ती फोनवर होती. बहीण, नणंद, विहीणबाई, सगळ्यांना आनंदाची बातमी देत होती.

सकाळी साचा उघडेना. टेबलावर व्हॅसलीनची नवी डबी होती, सील न फोडलेली. आत्याने ती उचलून पाहिली.

"मी लावलंच नाही गं."

"आत्या, तू?" मी मूर्खासारखं विचारलं. मला खरंच वाटेना.

"जाऊ दे, फेकून दे तो," आतोबा घाईघाईने म्हणाले.

"तीन आठवड्यांचं काम फेकू? काहीतरीच काय!"

तिने रबर कापायला घेतलं. तासाभराने पातं निसटलं आणि चाकाला ओरखडा गेला. रंगाखाली पितळ नव्हतं. पांढरंफटक रेझिन होतं.

आत्याने भिंगातून पाहिलं.

"अहो, हे माझंच जुनं ओतलेलं आहे."

आतोबा खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"पितळेचे चार तुकडे वाया घालवले. एक आरा निघाला नाही. तुझा साचा कधी बिघडत नाही, म्हटलं, रंगाखालचं कशाला कळतंय तुला?"

आता ती त्यांना फाडून खाणार, असं वाटून मी मागे सरकले. ती मटकन खाली बसली.

"सगळ्यांना सांगून बसले हो मी," ती म्हणाली. "गोळ्या लागू पडल्या म्हणून."