हातांचा व्हायरस

"हात दाखव," सर म्हणाले.

मी दाखवले. सरांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं, नाकाजवळ नेलं आणि चटकन सोडून दिलं. कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर आमचा अख्खा वर्ग चपला काढून अनवाणी रांगेत उभा होता.

"सुकट निवडून आलीस का? या हातांनी कीबोर्डला शिवलीस तर सगळ्या मशीनना व्हायरस येईल."

रांग हसली. सर हे गमतीने म्हणाले की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण मी ते खरं मानलं. सगळ्यांनीच मानलं.

मी तेव्हा आठवीत होते. पेन ड्राइव्ह नवा होता, पोरं तो गळ्यात अडकवून मिरवायची, त्या काळातली गोष्ट. उलव्याकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे एसटीने पनवेल. बाबा मिठागरावर कामाला, आई पनवेलच्या बाजारात सुकट आणि जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, विकायला बसायची. सकाळी तिच्या टोपलीतला जवळा मी निवडून द्यायचे आणि तेच हात धुऊन शाळेत जायचे. वास येतो हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो?

लॅबमध्ये खिडकीशी चांगली मशीन होती. तिथे डॉक्टरांची, बिल्डरांची मुलं. कोपऱ्यात एक जुनं मशीन, त्याच्या कीबोर्डवर प्लास्टिक ताणून चिकटवलेलं. ते आम्हा गाववाल्यांचं. मी आणि वनिता त्याच्यासमोर बसायचो. वनिता माझ्याच गावची, माझ्याच वर्गातली. एसटीत आम्ही एका सीटवर बसायचो, डब्यातली भाकरी अर्धी अर्धी करायचो.

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "वायरस म्हंजे काय गो?"

मी म्हटलं, "आपल्या हातांना असतो."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला टोपलीला शिवू दिलं नाही. सगळा जवळा एकटी निवडायची. मग अर्धं लिंबू आणायची आणि माझे तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांची मुळं चोळायची, कातडी लाल होईपर्यंत. सरांनी मला एकदाच सांगितलं होतं. रोज हात पुढे करून मी ते आईला पटवत होते.

पुढच्या तासाला माझे हात पास झाले. सर वर्गाला म्हणाले, बघा, मनात आणलं तर जमतं. आणि मला मॉनिटर केलं. काम काय, तर दारात उभं राहायचं, प्रत्येकाचे हात हुंगायचे, वास आला तर नळावर पाठवायचं. लॅबची किल्लीही माझ्याकडेच राहू लागली. मी शेफारले. खोटं कशाला बोलू? मला ते फार आवडलं.

वनिताचे हात मी हुंगले. तिची आयही सुकट घेऊन पहाटेच बाजाराला निघायची, तिला लिंबू चोळायला घरात कोणी नव्हतं. मी तिला सगळ्यांदेखत नळावर पाठवलं. परत आली, तर दुसऱ्यांदा पाठवलं. ती मुकाट्याने गेली. पहिल्यांदा नाइलाज होता असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा मात्र नुसती मजा होती.

आमच्या वर्गात संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता. तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या बाकाशी आला आणि म्हणाला, किल्ली दे ना, दहा मिनिटं. सरांशिवाय लॅब उघडायची नाही, बाहेरचं काही मशीनला लावायचं नाही, हे भिंतीवर लिहिलेलं होतं. मला पाठ होतं. मी दार उघडलं. त्याने गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून लावला. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. थोड्या वेळाने त्याने मला खुर्ची दिली, खिडकीजवळची, चांगल्या मशीनची. "तू पण खेळ," म्हणाला. मी गाडी भिंतीवर आपटली आणि आम्ही दोघंही हसलो. माझे हात कसले आहेत हे त्याने विचारलं नाही. तेवढ्यावर मी विकली गेले.

दोन दिवसांनी सगळी मशीन बिघडली. फाइली उघडेनात. चाचणीचे गुण गेले, गॅदरिंगची यादी गेली. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी वर्गाला विचारलं, "कोण हात न धुता बसलं होतं?"

पेन ड्राइव्ह कोणी लावला, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. तो समोरच होता, पहिल्या बाकावर, पुतण्याच्या गळ्यात. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मॉनिटर मी होते.

मी म्हटलं, "वनिता."

वड्याचं तेल वांग्यावर काढणं इतकं सोपं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. एक शब्द पुरला. वनिताने सरांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली.

तिच्या आयला बोलावलं. ती बाजारातून थेट आली. टोपली गेटबाहेर ठेवली. मी लॅबच्या दारात उभी होते, म्हणून सगळं ऐकलं. ती सरांना म्हणाली, "चुकला पोरीचा. मीच तिचे हात धुतले नाय." असं म्हणत तिने हात जोडले. मग एकदम आठवल्यासारखे खाली घेतले आणि पदरात लपवले. सरांना वास येईल म्हणून.

वनिताला वर्षभर लॅब बंद. आमचा तास असला की ती व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी असायची. नववीनंतर तिने शाळा सोडली. तिच्या घरी इतरही कारणं होती, असं गावात म्हणतात. असतील. मी त्या कारणांआड लपत नाही.

मशीन दुरुस्त करायला दुकानातून एक माणूस आला. त्याने माझ्यासमोर सरांना सांगितलं की हा व्हायरस पेन ड्राइव्हमधून आलाय. सरांनी हातांचं विचारलं, तेव्हा तो हसला. हाताने कसा येईल, सर? सरांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं. आणि पुढच्या तासाला मला म्हणाले, "चल, हात बघ."

मी दारात उभी राहिले. रांगेत पहिली आपटा गावाकडची एक मुलगी होती. मी काही म्हणायच्या आत तिने दोन्ही हात पुढे केले आणि डोळे गच्च मिटले. तिचे ते मिटलेले डोळे मला बघवेनात. मी दारात असले की वनिताही असेच मिटत असणार. मी कधी वर बघितलंच नव्हतं.

"मी वास घेणार नाय, सर," मी म्हटलं. घरातलं 'नाय' त्या शाळेत माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. "व्हायरस हातांचा नसतो. तुमच्यासमोर सांगितलंय त्यांनी."

मी किल्ली टेबलावर ठेवली. सरांनी मला बाहेर काढलं. मी व्हरांड्यात वनिताशेजारी जाऊन उभी राहिले. ती दोन फरश्या पलीकडे सरकली.

मला वाटलं होतं, मी बंड केलं. अर्धंच केलं होतं. किल्लीचं बोलले नाही. पुतण्याचं बोलले नाही. वनिताचं नाव खोटं घेतलं, हे तर नाहीच नाही. मूग गिळून बसले. आज मी खांदा कॉलनीजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मुलांना रोज सांगते, आपला पासवर्ड कोणाला देऊ नका, बाहेरचं काही लावू नका, चूक झाली तर लगेच सांगा. शेवटचं वाक्य म्हणताना दरवेळी माझा आवाज खाली येतो.

गेल्या वर्षी गावात एका हळदीला वनिता भेटली. मी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ती साडीची पिन नीट करत होती. म्हणाली, "मना ठाव होता. किल्ली तुज्याकडंच असायची."

मी रडायला लागले. तिने मला गप्प केलं नाही. पिन लावून झाल्यावर म्हणाली, "माजी आय अजून मोबाइल वाजला की आदी हात धुवाला जाते. तवर रिंग संपते. मी किती सांगितला, तिला पटत नाय. तू सांग. तू शिकलेली हायस."

वर्ष झालं, मी गेले नाही. दर रविवारी काहीतरी काम काढलं.

उद्या जाणार आहे. माफी मिळावी म्हणून नाही, ती तिने देऊही नये. काकीसमोर, वनिताच्या आयसमोर, बसून सांगणार की तुझ्या पोरीचे हात स्वच्छ होते, तुझेही होते. दार मी उघडलं आणि नाव तिचं घेतलं. सांगून झाल्यावर काकीला हात धुवू न देता तिच्या हातात माझा मोबाइल देणार.

आणि सोमवारी आमच्या लॅबच्या दारावरची 'हात स्वच्छ धुऊनच आत या' ही पाटी काढणार. मुख्याध्यापक विचारतील. विचारू देत. पहिल्या तासाला मुलांना विचारणार, व्हायरस कुठून येतो. कोणीतरी म्हणेलच, घाणेरड्या हातांनी. मग मी माझं नाव घेऊन सांगणार की आमच्या शाळेत तो माझ्यामुळे आला होता, आणि माझ्या हातांना तेव्हा लिंबाचा वास येत होता.