कमी बोलणारा उमेदवार

वॉर्डात तिला सगळे वहिनीच म्हणत. तिचे सासरे, म्हणजे तात्या, इतकी वर्षं तिथले नगरसेवक होते की सून घरात आली ती आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. आधी तिला ते आवडत नसे. मग तिने टायरच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं, आणि वहिनी म्हणून हाक मारणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक होऊ शकतो हे ध्यानात आल्यावर आवडायला लागलं.

काम डिजिटल मार्केटिंगचं. दातांचा डॉक्टर, चपलांचं दुकान, पोहायला शिकवणारे एक मास्तर, अशांच्या जाहिराती आणि रील ती करायची. खाली दिवसभर टायर ठोकण्याचा आवाज, म्हणून शूटिंग दुपारी, खालची माणसं जेवायला गेली की. नवं गिऱ्हाईक आलं की ती त्याला खुर्चीत बसवून आधी नुसतीच त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

"लोक वस्तू घेत नाहीत, तोंड घेतात," ती सांगायची. "तुमचं तोंड चांगलं आहे. फक्त बंद ठेवा."

गिऱ्हाईक हसायचं. ती थट्टा करत नसायची. चपलवाल्याला बोलायला लावलं तेव्हा त्याच्या जाहिरातीकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. हातात बूट देऊन गप्प उभा केला आणि दुकानात गर्दी झाली.

निवडणूक जवळ आली त्या सुमारास तात्यांचं काहीतरी बिनसलं. सासूबाई जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. एका सकाळी फिरायला गेलेले तात्या परतलेच नाहीत. पूर्वी जिथे भाड्याने राहत होते त्या घरात ते चपला काढून सरळ आत शिरले होते. तिथल्या बाईने ओळखलं आणि स्वतः आणून सोडलं.

"मला वाटलं, पाण्याची तक्रार केली होती, ती बघायला आले," ती बाई म्हणाली. "पण ते माझ्या कपाटात स्वतःचा शर्ट शोधत होते."

डॉक्टरने तपासण्या केल्या आणि तात्यांना बाहेर बसवून नवरा-बायकोला खरं ते सांगितलं. आजार मेंदूचा आहे, वाढत जाणार, मागे फिरणार नाही. गर्दी नको, जबाबदारी नको, घरच्या माणसांत शांत राहू द्या.

नवरा गाडीत येऊन बसला, पण चावी फिरवेना. त्याचा पाइपांचा धंदा होता. पालिकेची कामं त्याला मिळत ती बाप सभागृहात बसतो म्हणून, हे वॉर्डात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"निवडणूक तेवढी होऊ दे," तो म्हणाला. "मग घरीच बसवू."

मागच्या सीटवर तात्या खिडकीची काच खालीवर करत होते.

"त्यांना बोलायला लावायचं नाही," वहिनी म्हणाली. "बाकीचं मी बघते."

तिने खरोखरच बघितलं. 'कमी बोलतो, काम करतो' हे वाक्य तिने प्रचारासाठी स्वतः लिहिलं. समोरचा उमेदवार वकील होता, तासन् तास बोलायचा, त्याच्यापुढे हे वाक्य असं चपखल बसलं की आठवड्याभरात रस्त्यावरची माणसं ते एकमेकांना ऐकवू लागली. रीलमध्ये तात्या नुसते चालायचे. उघड्या गटाराशी थांबायचे, वाकून बघायचे, कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवायचे. बोलणं लागलंच तर ती कॅमेऱ्यामागून अर्धं वाक्य म्हणायची, तात्या तेवढंच म्हणायचे, मग पुढचं अर्धं. तुकडे जोडायला तिला रात्र रात्र बसावं लागे. जोड कुठेच दिसत नसे.

एकदा ऑफिसात तात्यांना खुर्चीत बरंच बसवून ठेवलं होतं. ते चुळबूळ करू लागले. पँट ओली झाली होती आणि ती झाकायला ते दोन्ही हात मांडीवर ठेवत होते.

नवरा उठला. "थांबवू या का?"

"पुन्हा इथवर चढवून आणशील त्यांना?" वहिनीने कॅमेरा थोडा वर उचलला. "मी कमरेच्या वर घेते. तात्या, इकडे बघा. हसा जरा."

तात्या हसले. ते रील त्या निवडणुकीत सगळ्यात जास्त पाहिलं गेलं.

नणंद जवळच राहायची, शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती. बाप आपल्याला ओळखत नाही हे तिला प्रचारफेरीत कळलं. तात्यांनी तिला हात जोडून मत मागितलं होतं. ती तशीच घरी आली.

"वहिनी, तुला माहीत होतं ना?"

"दमलेत ते. प्रचार आहे."

"दादा, तू तरी बोल."

भाऊ म्हणाला, "तुला घेऊन जायचंय का त्यांना? तुझ्या दोन खोल्यांत?"

"आत्ता देता का? आत्ता नेते."

"मतदान होऊ दे," वहिनी म्हणाली.

नणंदेने पर्स उचलली आणि त्यानंतर तिने त्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

तात्या निवडून आले, तेही दणक्यात. गुलालाऐवजी फुलं उधळा असं वहिनीनेच सांगून ठेवलं होतं, कारण रंग डोळ्यांत गेला तर तात्या घाबरतील आणि ते कोणीतरी फोनवर टिपेल. सभागृहात त्यांच्या शेजारी पक्षाचा एक भरवशाचा माणूस बसवला. हात कधी वर करायचा ते तो कोपराने सांगायचा. बरेच दिवस निभावलं.

वकील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पडल्यानंतर त्याने डोळ्यांत तेल घालून तात्यांच्या बारीकसारीक हालचाली पाहिल्या आणि आपल्या पक्षाच्या एका नगरसेविकेला तयार केलं. भरल्या सभेत ती उठली आणि तिने तात्यांना त्यांच्याच वॉर्डातल्या पाण्याच्या टाकीबद्दल साधा प्रश्न विचारला. उत्तर त्यांनीच द्यावं, असा आग्रह धरला.

तात्या उभे राहिले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि अध्यक्षबाईंना म्हणाले, "ही आली नाही का अजून? दवाखान्यात एकटीच आहे ती. मला जाऊ द्या ना बाई."

आधी एक जण हसला. मग बाकांवर बाकं हसली. अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला, पण तोंडावर रुमाल धरूनच. विरोधी बाकांवर तोवर सगळ्यांचे फोन वर झाले होते.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप शहरभर झाली. कोणी मागे बँडचं संगीत लावलं, कोणी तात्यांच्या तोंडाशी बाळाची बाटली चिकटवली. तात्या गॅलरीत दिसले की खालून जाणारी कॉलेजची पोरं ओरडायची, "काय तात्या, ही आली का?" तात्या कठड्यावरून वाकून प्रामाणिकपणे सांगायचे, "नाही रे अजून. दिसली तर सांग तिला, वाट बघतोय."

दातांच्या डॉक्टरनेही ती क्लिप पुढे पाठवली. त्याचं सोशल मीडियावरचं पान वहिनीच चालवायची, त्यामुळे तिला लगेच दिसलं. ती क्लिप कोण बघतंय, कुठवर बघतंय आणि नेमकी कुठे सोडून देतंय ते बघत बसली. कोणीही मधे सोडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पक्षाचा शहराध्यक्ष घरी आला. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "तात्यांचा राजीनामा तर द्यावाच लागणार. पण जागा हातची घालवायची नसेल तर आत्ता लोकांना रडवलं पाहिजे. हसून झालंय त्यांचं. पोटनिवडणुकीला वहिनींशिवाय आहे कोण दुसरं?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती आधीच खोलीतल्या उजेडाचा अंदाज घेत होती.

दुपारी तात्यांना आंघोळ घालून पांढरा शर्ट चढवला. ती घास भरवणार, तोंड पुसणार, एवढंच ठरलं होतं. पण तात्या घास घेऊन मजेत बसले होते, जीभ काढून कॅमेऱ्याला दाखवत होते. असल्या चित्रणाला कोण रडणार? वहिनीने ताट बाजूला सरकवलं, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तात्या, आई येणार नाहीत. आई गेल्या."

तात्यांना आधी कळलं नाही. "कुठे?"

"वारल्या त्या. दवाखान्यात."

त्यांचा चेहरा बघता बघता गळाला. "कधी? मला कोणी सांगितलं कसं नाही?" ते विचारत राहिले, आणि मग तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. नवरा दिवा धरून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते, पण दिवा हलला नाही.

बऱ्याच वेळाने तात्या निवले. वहिनीने फोन कानाशी धरून ऐकलं.

"आवाजच आला नाही," ती म्हणाली. "माईक बंद राहिला."

"राहू दे आता," नवरा म्हणाला. "आवाजाशिवाय टाक. मागे संगीत लाव."

"संगीत त्या क्लिपला पण होतं. इथे आवाजच पाहिजे."

तिने तात्यांना पाणी पाजलं, डोळे पुसले, केस विंचरले. ते खिडकीतून येणारीजाणारी वाहनं बघू लागले आणि थोड्याच वेळात मगाचं सगळं विसरले. तिच्याकडे वळून त्यांनी मायेने विचारलं, "पोरी, जेवलीस का? ही आली की आपण सगळेच बसू."

वहिनीने माईक चालू असल्याची खात्री केली आणि त्यांना पुन्हा सांगितलं. ते पहिल्यासारखेच रडले. तिच्या मते जास्त चांगले रडले.

'हसा. पण हा आमचा बाप आहे.' एवढंच खाली लिहून तिने ते टाकलं. बँड लावणाऱ्यांनी आपापल्या क्लिपा काढून टाकल्या. दातांच्या डॉक्टरने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. अनोळखी बायका रस्त्यात थांबून वहिनीला मिठी मारू लागल्या. वकिलाच्या बायकोलाही ते पाहून रडू आलं, असं तो स्वतःच नंतर कुठेतरी म्हणाला. पोटनिवडणुकीत त्याची अनामत गेली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तात्यांची बॅग भरली आणि त्यांना बहिणीच्या दारात नेऊन उभं केलं. आता घरात माणसांची ये-जा फार असते, तिथे त्यांचे हाल होतील, असं तो म्हणाला. बहिणीने बापाचा हात धरून आत घेतलं आणि भावाच्या तोंडावर दार लावलं.

तिच्याकडे तात्या निवांत राहिले. आई कुठे आहे म्हणून विचारलं की ती सांगायची, "बाजारात गेलीय, येईल एवढ्यात." तात्या मान डोलवायचे. त्यांना तेवढं पुरायचं.

वहिनी एकदाच भेटायला गेली. शहराध्यक्षाने सुचवलं होतं, एखादा फोटो असू दे. नणंदेने दारातच टेबलाकडे हात केला. "फोन इथे ठेव." तिने ठेवला.

तात्या पलंगावर बसून नातीच्या दप्तराच्या चेन उघडबंद करत होते. चांगले गुबगुबीत झाले होते. त्यांनी वर पाहिलं. सून त्यांना ओळखता आली नसावी, कारण त्यांनी तिला 'या बसा' म्हटलं. पण ती जवळ बसली आणि सवयीने तिने त्यांचा हात हातात घेतला, तसे ते थरथरू लागले. त्यांनी हात सोडवून घेतला, भिंतीशी सरकले आणि रडायला लागले.

"काय झालं तात्या?" नणंद धावत आली. "काय दुखतंय?"

"माहीत नाही," तात्या म्हणाले. "हिला काही बोलू देऊ नकोस."

नणंदेला त्याचा अर्थ लागला नाही. वहिनीला लागला. तिने टेबलावरचा फोन उचलला आणि जिना उतरून गाडीत येऊन बसली. पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं, तिथे तिची वाट बघत होते. ती वेळेवर पोचली.