भाऊजींची कात्रणे आणि माझी यादी

मैत्रिणींनो, आज दुपारी मी दिरांचा सूड घेतला आणि मला मुळीच वाईट वाटत नाही.

माझ्या लेकीला, कमलला, कराचीच्या शाळेत नोकरी मिळाली. टपालाच्या विमानात जागाही मिळाली. पण गेल्या आठवड्यात सत्यनारायणाला भाऊजींनी सगळ्यांदेखत कात्रणांची वही उघडली. "बघा किती विमानं पडली. मोटारीनं इथं कोण मेलं? वहिनी, बी.ए. होऊन साधी मोजदाद येत नाही तुम्हाला? पोरगी जाणार नाही."

वहीत विमाने साऱ्या जगातली होती, मोटारी फक्त अलिबागच्या.

मी अलिबागच्या दवाखान्यातून अपघातांतल्या जखमींची यादी उतरवून आणली. आज किहीमच्या वाडीत तीच मंडळी वालाच्या शेंगा सोलत बसली असताना ती मोठ्याने वाचली. विमानाचा जखमी एकही नाही. मोटारीचे मात्र पानभर, आणि शेवटचे नाव भाऊजींचे. पेणच्या रस्त्यावर मोटार झाडावर, हनुवटीला चार टाके.

"न्हाणीत घसरलो म्हणाला होतात की," जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजी खाली बघत म्हणाले, "जाऊ दे पोरीला."

माझी यादीही त्यांच्या वहीइतकीच लबाड होती. इथे विमानात बसतेच कोण? किती मैलांमागे किती माणसे दगावतात, हे दोन्हींचे मोजायला हवे. ते आकडे भाऊजींकडे नव्हते, माझ्याकडेही नाहीत.

कमल सोमवारी निघते. तुमच्यापैकी कोणाला ते आकडे ठाऊक असतील, तर रविवारपर्यंत कळवा.